दुसऱ्या चिखलीची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी जानेफळ येथे दिलेले व्याख्यान)



 निमंत्रण घेऊन दोघी भगिनी घरी आल्या, तेव्हा त्यांनी विषय विचारला. 'कोळशाच्या खाणी' असे मी सांगताच दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. एक धीर करून म्हणाली, "बाई, सभेनंतर हळदीकुंकू आहे. बायका नटूनथटून येतील. संसाराचे काही सांगा. कोळशाशी आपला काय संबंध? आता तर चूलही गॅसवर आली." तिचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. तरी मी विषय बदलला नाही. कारण मला जे सांगायचे आहे ते संसाराचेच आहे. फक्त तो संसार जमिनीच्या पोटातला आहे.

चिखली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपली शेजारची चिखली उभी राहते. लग्नाचा बस्ता, दवाखाना, मुलींचे सासर-माहेर, या ना त्या निमित्ताने आपल्यापैकी प्रत्येकीचे तिथे जाणे-येणे असतेच. पण आणखी एक चिखली आहे. ती छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया गावाजवळ, पेंच नदीच्या खोऱ्यात आहे. तिला न्यूटन चिखली म्हणतात. आज ती आपल्याला परक्या राज्यातली वाटते. पण १९५४ साली ती आणि आपण एकाच राज्यात होतो. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि आपला बुलढाणा जिल्हा त्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तेथून निघून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आपण निघून आलो, आणि त्या चिखलीची आठवण पलीकडेच राहिली.

१० डिसेंबर १९५४ रोजी त्या न्यूटन चिखलीच्या कोळसा खाणीत एकाएकी पाणी घुसले आणि ६३ कामगार मृत्युमुखी पडले. ६३ हा आकडा उच्चारायला क्षणभर पुरतो. पण भगिनींनो, आता या सभामंडपात आपण साधारण तेवढ्याच जणी बसलेल्या आहोत. जरा डावी-उजवीकडे पाहा, म्हणजे तो आकडा केवढा आहे ते कळेल.

मला ही हकीकत कशी कळली, ते सांगते. माझे यजमान रेल्वेत होते. लग्नानंतर त्यांची बदली परासियाकडे झाली आणि १९७२ पासून काही वर्षे आमचे बिऱ्हाड तिकडे होते. मी तेथे लहान मुलांच्या शिकवण्या घेत असे. आमच्या शेजारच्या चाळीत एक पन्नाशीची बाई राहत असे. सारी चाळ तिला काकी म्हणे, म्हणून मीही काकीच म्हणू लागले. मला ती 'मास्तरीणबाई' म्हणे. बांधा काटक, बोलणे थोडके, भाषा अर्धी हिंदी अर्धी मराठी. सकाळी कोळशाच्या ढिगावर दगड वेचायला जाई आणि दिवस मावळताना काळवंडून परत येई. मुलांचे तिला वेड होते. पण मुले खेळता खेळता वस्तीमागच्या जुन्या पडक्या खदानीकडे वळली, की ही शांत बाई अशी काही ओरडे, की मी स्वयंपाक टाकून बाहेर धावत येई. मला वाटे, हिचा स्वभावच भित्रा असेल. खरे कारण मला १९७५ च्या डिसेंबरात कळले. ते पुढे सांगेन. आधी कोळसा आणि खाण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

आपल्याकडे काळी माती आणि तिच्या खाली काळा पाषाण. इथे कितीही खोल विहीर खणली तरी कोळसा लागत नाही. पण पूर्वेकडे, नागपूर, चंद्रपूर आणि वणीच्या बाजूला, जमिनीखाली कोळशाचे थर आहेत. पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी तेथे दलदलीची अरण्ये होती. ती गाळाखाली गाडली गेली, दाबली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. इंग्रजांनी आपल्या वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी आगगाडी आणली. १८६७ साली ती नागपूरला पोचली आणि १८७० साली खास कापसासाठी जलंब ते खामगाव असा फाटा झाला. गाडी आली, पण तिला खायला कोळसा लागे. तो विलायतेहून किंवा बंगालमधून आणणे फार महाग पडे. म्हणून सरकारने चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला १८७१ पासून स्वतःची खाण चालवली. वर्धेहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला तोही मुख्यतः या कोळशासाठी. पस्तीस वर्षे वरोऱ्याने कोळसा दिला आणि १९०६ साली ती खाण बंद झाली. पुढे बल्लारपूर, वणीकडचे राजूर, पेंच आणि कन्हानची खोरी अशा ठिकाणी खाणी चालू राहिल्या. तेव्हा आपल्या आजीच्या वेळचा खामगावचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा ही एकाच गाडीची दोन टोके होती. कापसाच्या टोकाला आपण होतो, म्हणून त्याची गाणी आपल्याला ठाऊक आहेत. कोळशाच्या टोकाला कोण होते, ते आपण कधी विचारले नाही.

खाणीत उतरायला उभी विहीर असते किंवा उतरता बोगदा असतो. खाली गेले की कोळशाच्या थरात गल्ल्या खोदतात. सगळाच कोळसा काढला तर वरचे छत कोसळेल, म्हणून मधून मधून कोळशाचेच जाड खांब सोडतात. जुन्या काळी एक जण सबलीने, पहारीने किंवा सुरुंगाने कोळसा पाडी आणि दुसरा तो टोपलीत भरून लोखंडी डब्यापर्यंत वाहून नेई. या डब्यांना तिकडे टब म्हणतात. मजुरी टबावर मिळे. जितके टब भरले तितके पैसे. तेथे सूर्य नाही, वारा बेताचा, पायाखाली पाणी, डोक्याशी दगड. आणि आता मुख्य गोष्ट सांगते. कोळसा पाडणारा पुरुष असे, आणि तो उचलून वाहणारी बहुतेक वेळा त्याची बायको असे.

होय, भगिनींनो, बायका खाणीत उतरत. कोळशाच्या मुलखात त्यांना 'कामिन' म्हणत. एकोणीसशे वीसच्या आसपास हिंदुस्थानातल्या कोळसा खाणींच्या मजुरांत सुमारे एक तृतीयांश स्त्रिया होत्या. संथाळ, गोंड आणि अशाच इतर जमातींच्या, गावात जमीन नसलेल्या घरांच्या त्या लेकी-सुना होत्या. नवराबायकोची जोडी उतरे आणि त्या जोडीची मजुरी एकच धरली जाई. ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडे. तान्हे मूल घरी कोणापाशी ठेवणार? म्हणून कित्येकींची पोरे टोपलीतून खाली जात आणि अंधारात कोपऱ्यात निजत.

यावर पुढे गहजब झाला आणि तो व्हायलाच हवा होता. सरकारने १९२९ साली नियम केले, की जमिनीखालच्या कामावरून बायका दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायच्या. १९३५ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेही तसाच ठराव केला, आणि १९३७ पर्यंत येथे ही बंदी पूर्ण झाली. पण बाईला वर काढताना तिच्या बुडणाऱ्या मजुरीच्या बदली काम दिले गेले नाही. घरात दोन हात कमवीत होते तिथे एकच उरला. दया झाली, पण ती दया उपाशी पोटाची झाली.

मग दुसरे महायुद्ध आले. कारखाने आणि गाड्या रात्रंदिवस चालू लागल्या, पुरुष मजूर जास्त पैशाच्या लष्करी कामांकडे गेले आणि कोळसा कमी पडू लागला. तेव्हा १९४३ च्या ऑगस्टात सरकारने ही बंदी उठवली. भगिनींनो, ती सर्वांत आधी आपल्याच मध्य प्रांतात उठवली; बंगाल आणि बिहार मागून आले. अखिल भारतीय महिला परिषदेने याला मोठा विरोध केला. १९२७ साली आपल्या पुण्यात जिचे पहिले अधिवेशन भरले, तीच ही परिषद. दिल्लीच्या कायदेमंडळात रेणुका राय यांनी खाणीतल्या बायकांची बाजू मांडली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर होते. युद्धाची निकड म्हणून केलेली ही तात्पुरती तजवीज आहे, अशी सरकारची बाजू त्यांना मांडावी लागली. पण मांडताना त्यांनी एक गोष्ट ठळकपणे पुढे ठेवली : या खाणींत स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. बाबासाहेब स्वतः १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या बाजूला खाणीत उतरून काम पाहून आले होते. त्यांच्याच कारकीर्दीत खाणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा सुधारला, कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, खाणीच्या मुखाशी पाळणाघरे ठेवण्याचे नियम झाले आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून जमिनीखालच्या कामाची बंदी पुन्हा लागू झाली.

आमची काकी त्या तीन वर्षांत खाणीत उतरलेली होती. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची. मी तिला एकदा विचारले, "काकी, भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "वाटे ना! पहिले आठ दिवस तर मी डोळेच मिटून चाले. उघडे ठेवून तरी काय दिसणार होते?" मग जरा थांबून म्हणाली, "पण मास्तरीणबाई, जन्मात एकदाच पुरुषाइतका पैसा माझ्या हातावर पडला, तो तेव्हा. बंदी आली, मी वर आले, आणि पैसा पुन्हा निम्म्यावर आला."

मी पुष्कळ दिवस या बोलण्याचा विचार करीत राहिले. महिला परिषदेच्या भगिनी म्हणत होत्या, बाईला त्या नरकात ढकलू नका. त्या बरोबरच होत्या. काकी म्हणत होती, माझा पैसा का कमी केला. तीही बरोबरच होती. चूक कोठे झाली असेल तर ती येथे, की बाईचा जीव आणि बाईची मजुरी या दोन गोष्टींचा विचार एकत्र कोणी केला नाही. एक वाचवायची तर दुसरी घालवायची, असाच मार्ग तिच्यापुढे ठेवला गेला. आपल्या शेतावर, बांधकामावर, रोजगार हमीच्या कामावर हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

आता १९७५ च्या डिसेंबराकडे येते. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला नागपूर जिल्ह्यातल्या सिलेवाडा खाणीत पाणी घुसून १० कामगार गेले होते. महिनासव्वा महिना उलटतो न उलटतो तोच, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत त्याहून भयंकर घात झाला. वरच्या बाजूला जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात पाण्याचा प्रचंड साठा होता. मधली भिंत फुटली आणि ते सारे पाणी खालच्या खाणीत कोसळले. सरकारी आकडा ३७५ मृतांचा आहे. कामगार संघटनांनी तो याहून मोठा सांगितला. पाणी उपसायलाच आठवड्यांमागून आठवडे लागले. आमच्याकडे रेडिओ होता. बातमी ऐकायला चाळीतली माणसे ओटीवर जमली होती. काकी दाराशी उभी होती. बातमी संपली, माणसे पांगली, तरी ती तशीच उभी. मी तिला आत घेतले आणि चहा दिला. तो तिने घेतला नाही. मग एकवीस वर्षे मनात ठेवलेले ती बोलली. न्यूटन चिखलीच्या ६३ जणांत तिचा नवरा होता.

ती म्हणाली, "रोजच्यासारखाच गेला. जाताना म्हणाला, संध्याकाळी मिरच्या आणीन. एवढेच बोलला." खाणीचा भोंगा वेळेवर झाला तर कोणी लक्ष देत नाही, अवेळी वाजला की साऱ्या वस्तीच्या पोटात धस्स होते. बायका आहेत तशा धावल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कडेवर मूल. खाणीत उतरताना कामगार बत्तीघरातून दिवा घेतो आणि त्याच्या नंबराचा बिल्ला तेथे राहतो. वर आला की दिवा देऊन बिल्ला परत घेतो. काकीला वाचता येत नव्हते, पण नवऱ्याच्या बिल्ल्याची जागा ठाऊक होती. ती म्हणाली, "मी खाणीच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. बिल्ल्याकडेच पाहत राहिले. तो हलला नाही."

पुढची कहाणी आपल्यापैकी कोणीही सांगू शकेल. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता. त्याप्रमाणे रक्कम ठरली. पण रक्कम आली की नातेवाईक आले. दिराने आपला हक्क सांगितला, सासऱ्याने आपला. कागदावर अंगठा काकीचा, पैसा दुसऱ्याच्या घरी. पदरात दोन पोरे. जमिनीखाली उतरायची तिला बंदी; १९५२ च्या खाण कायद्याने ती पक्की केली होती. म्हणून ती कोळशाच्या ढिगावर दगड वेचायला बसली, ती म्हातारपणापर्यंत. खाणीच्या अपघाताचा अहवाल लिहितात तेव्हा त्यात मेलेल्यांची संख्या असते, बुडालेल्या यंत्रांची किंमत असते. अशा बायका कितीजणी राहिल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हा रकाना त्यात नसतो.

त्या रात्री मला काकीच्या ओरडण्याचा अर्थ कळला. ती म्हणाली, "लोक म्हणतात खदान बंद झाली. खदान बंद होत नाही, मास्तरीणबाई. माणसे निघून जातात, पाणी राहते."

मला वाटते, खाणीविषयीची सारी शास्त्रीय पुस्तके या एका वाक्यात आली. कोळसा संपला, धंदा परवडेनासा झाला किंवा मालक बदलला, की खाण सोडून देतात. पंप बंद होतात. पावसाचे आणि झऱ्याचे पाणी त्या रिकाम्या गल्ल्यांत हळूहळू साठत जाते. वर गवत उगवते, गुरे चरतात. दहा-वीस वर्षांनी शेजारी नवी खाण सुरू होते. जुन्या खोदकामाचा नकाशा बरोबर असेल तर मध्ये कोळशाची जाड भिंत राखली जाते. नकाशा हरवला असेल, चुकीचा असेल किंवा कोणी तो पाहण्याची तसदी घेतली नाही, तर पुढे पुढे खोदत जाणारा माणूस एक दिवस त्या पाण्याच्या भिंतीवर पहार घालतो. म्हणून १९५७ च्या कोळसा खाण नियमांत अशी अट होती, की जुन्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत काम पोचले, तर आधी परवानगी घ्यायची आणि पुढे लांब छिद्रे पाडून पाणी आहे की नाही ते पाहत पाहत जायचे. अट चांगलीच होती. पण नियम झाल्यावरही चासनाला झाले. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी बंगालमधील राणीगंजच्या महाबीर खाणीतही जुन्याच पाण्याने वाट काढली. तेथे ६ जण बुडाले. मात्र उरलेल्या ६५ जणांना जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीला वरून भोक पाडून, एका माणसाला उभे राहता येईल एवढ्या लोखंडी पिंजऱ्यातून, एकेक करून वर काढले. तो पिंजरा घेऊन खाली ते स्वतः गेले होते. असेही घडते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नाही तर माणसाचा माणसावरचा विश्वास उडेल. आणि तरीही २०१८ च्या डिसेंबरात मेघालयात, उंदराच्या बिळासारख्या बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकल्याचे आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचले. तेथे ना नकाशा, ना हजेरी, ना बिल्ला.

या मधल्या काळात पुष्कळ बदलले आहे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ पासून विदर्भातल्या आणि छिंदवाड्याकडच्या सरकारी खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आल्या. कोळसा आता बराचसा उघड्या खाणींतून, प्रचंड यंत्रांनी निघतो. यंत्रे आली तसे टोपलीचे काम गेले, आणि टोपलीबरोबर बायकाही गेल्या. एकेकाळी तीन मजुरांत एक बाई होती. आज कोल इंडियाच्या माणसांत शंभरात दहाही स्त्रिया नाहीत. २०१९ साली केंद्र सरकारने स्त्रियांना पुन्हा जमिनीखाली उतरण्याची मुभा दिली, ती या वेळी तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी. २०२१ साली झारखंडातल्या एका भूमिगत खाणीत खाणशास्त्राची पदवी घेतलेली एक तरुण मुलगी अभियंता म्हणून रुजू झाली. ते वाचले तेव्हा मला काकीची फार आठवण झाली. काकी डोळे मिटून उतरली होती. ही मुलगी हातात नकाशा घेऊन उतरते. एवढे अंतर तोडायला आपल्याला पाऊणशे वर्षे लागली, पण तोडले, याचा आनंद मानला पाहिजे.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. कोळशाशी आपला काय संबंध? चूल गॅसवर आली हे खरे. पण संध्याकाळी आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. उन्हाळ्यात शेतावरचा पंप चालतो. आज या मंडपात पंखे फिरत आहेत. आपल्या अकोला जिल्ह्यातले पारस असो, नागपूरकडचे कोराडी आणि खापरखेडा असो, की चंद्रपूरचे मोठे वीजकेंद्र असो, ती सारी कोळशावर चालतात. सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढते आहे, ती वाढावीच. पण ज्या उजेडात आपली मुले शिकली, तो उजेड कोणीतरी अंधारात उतरून आणला होता. आपण ज्वारीचा घास घेताना काळ्या आईला हात जोडतो. दिवा लावताना त्या कामिनींची क्षणभर आठवण केली, तर काही बिघडणार नाही.

आठवणीने काय होते, असे कोणी म्हणेल. भगिनींनो, ही सारी हकीकत सांगण्याचे कारणच ते आहे. जुन्या खोदकामाची आठवण कागदावर धड राहिली नाही, म्हणून माणसे बुडतात. विसरणे हा नुसता मनाचा दोष नाही. त्याने जीव जातात. आणि विसरण्याचे काम सरकारी कचेरीतच होते असे नाही, ते आपल्या गावातही होते. आपल्या शिवारात कोळशाची खाण नाही, पण मुरुमाच्या आणि गिट्टीच्या सोडलेल्या खदानी नाहीत काय? कठडा ढासळलेल्या, पालापाचोळ्याने झाकलेल्या जुन्या विहिरी नाहीत काय? पावसाळ्यात त्या भरतात, वर शेवाळ येते, आणि सुटीत माहेरी आलेल्या लेकीच्या मुलाला तेथे काय आहे ते ठाऊक नसते.

म्हणून माझी मंडळाला दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी, की या वर्षी मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या, आपल्या शेताजवळच्या अशा विहिरी आणि खदानी तीत लिहाव्यात. कोणत्या बांधाला, किती खोल, कठडा आहे की नाही. ती यादी ग्रामपंचायतीला द्यावी आणि कठडे घातले जाईपर्यंत दर सभेत वाचावी. कंटाळा येईल, येऊ द्या. दुसरी सूचना अशी, की आपल्या गावातल्या ज्या वडीलधाऱ्या बायांनी जन्मभर शेतमजुरी केली, दगड फोडले, दुष्काळी कामावर माती वाहिली, त्यांच्यापाशी जाऊन बसावे आणि त्यांची कामाची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. मजुरी किती मिळे, मूल कोठे निजवीत, पैसा कोणाच्या हातात जाई, हे सारे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातले थोडे छापावे. अहवालात जो रकाना नसतो, तो आपण भरावा.

काकी आता या जगात नाही. तिची मोठी इच्छा काही नव्हती. आमची बदली झाली, तेव्हा निघताना तिने माझ्या धाकट्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मला म्हणाली, "नव्या गावी गेलात की आधी विहीर कोठे आहे ते विचारा, मग बिऱ्हाड मांडा." मी तेव्हापासून प्रत्येक गावात तसेच केले. आपणही आपल्या गावात तेवढे करावे, अशी माझी विनंती आहे.